वाचकांचे प्रश्न: पांढरी सीतेची वेणी, माटोळीतली आमरी आणि पन्नास झाडांचं एकच कुटुंब

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की रानातल्या ऑर्किडची, म्हणजे आपल्या आमरीची, एकाच जातीची दोन झाडं शेजारी शेजारी असली तरी आतून सारखी असतीलच असं नाही. एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी सदरात दुसरं काही घ्यायला जागाच उरली नाही, एका काकांनी तर सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली त्यातली चार मिनिटं नुसता पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज आहे. असो. जमतील तेवढी उत्तरं देतो. नावं कुणाचीच छापत नाही, कारण नाव आणि गाव कळलं की झाड कुठे आहे तेही कळतं, आणि ते कळू नये असं मला का वाटतं ते पुढे येईलच.

प्रश्न: आमच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वर रान लागतं. तिथे एका माट्टीच्या झाडावर दरवर्षी सीतेची वेणी फुलते, गुलाबी ठिपक्यांची. यंदा त्याच माट्टीवर एक घोस अगदी पांढरा शुभ्र आलाय, एक ठिपका नाही. ही वेगळी जात आहे का? मुलगा म्हणतो काढून घरी आणूया, पावसात फांदी मोडली तर हातची जाईल. काय करू?
(सत्तरी)

उत्तर: भाऊ, आधी मुलाला थांबवा आणि मग पुढचं वाचा.

वेगळी जात नाही. तीच सीतेची वेणी, शास्त्रात ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा म्हणतात ती, आसामात हिलाच कोपौ फूल म्हणतात आणि ते त्यांचं राज्यफूल आहे. फुलात गुलाबी-जांभळा रंग येतो तो अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा, आपल्या भिरंडीच्या (कोकमाच्या) सोलांना लाल रंग येतो तोही त्याच घराण्यातला. हा रंग एका दमात तयार होत नाही, पाच-सात पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला एक जीन (जनुक) लागतो. मधली एक पायरी जरी मोडली तरी पुढचं सगळं काम ठप्प, फूल पांढरं.

आता गंमत बघा. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत बहुतेक वेळा काम निभावून नेते आणि फूल गुलाबीच दिसतं. पांढरं होण्यासाठी दोन्ही बिघडलेल्या असाव्या लागतात. म्हणजे तुमच्या त्या पांढऱ्याचे आईबाप, दोघंही गुलाबी असण्याची शक्यता जास्त, दोघांच्याही पोटात पांढरेपणा लपलेला होता, बाहेरून बघून कुणाला सांगता आलं नसतं.

किती जणांच्या पोटात असेल हा हिशेब 1908 साली हार्डी नावाचा इंग्रज गणिती आणि वाइनबर्ग नावाचा जर्मन डॉक्टर, दोघांनी वेगवेगळा मांडला आणि तो अजून तसाच चालतो. आपण उदाहरण धरू (हा आकडा मी नुसता हिशेबासाठी घेतोय, कुणी मोजलेला नाही), समजा दहा हजार झाडांत एक पांढरं आहे. तर बिघडलेल्या प्रतीचं प्रमाण शंभरात एक पडतं, आणि मग दहा हजारांतल्या 198 गुलाबी झाडांमध्ये एकेक लपलेली प्रत निघते. एक दिसतं, 198 लपलेली. मी बीएस्सीला असताना हे पहिल्यांदा फळ्यावर सोडवलं तेव्हा मला ते खरंच वाटलं नव्हतं, दोनदा गुणाकार केला होता.

म्हणून पांढरं झाड घरी आणलं की पांढरेपणा वाचला असं होत नाही. तो तिथल्या गुलाबी झाडांमध्येच राहिलाय. उलट घरी आणून कुंडीत टांगलं की त्या झाडाचा पराग रानातल्या बाकीच्यांपर्यंत पोचणार नाही, त्याला शेंग धरली तरी बी तुमच्या पोर्चच्या टाइल्सवर पडणार, रानाच्या दृष्टीने ते झाड मेल्यात जमा.

आणि अजून एक. ऑर्किडची पैदास करणाऱ्यांना जुना अनुभव आहे की दोन पांढरी फुलं एकमेकांशी लावली तरी कधीकधी पोरं रंगीत निघतात. कारण एकाची तिसरी पायरी मोडलेली असते आणि दुसऱ्याची पाचवी, मग पोराला दोन्हीकडून एकेक चांगली प्रत मिळते आणि रंग परत हजर. म्हणजे पांढरं आणि पांढरं सुद्धा एकच नाही.

तुम्ही करायचं एवढंच, फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, शेंग धरते का ते बघा (पिकायला महिने लागतात, घाई करू नका) आणि फोटो ग्रुपवर टाकायचा झाला तर लोकेशन काढून टाका. गावातलं कुणी नेणार नाही हो, पण फॉरवर्ड होत होत फोटो कुठे जातो ते आपल्या हातात नसतं आणि पांढऱ्या वेणीला पैसे मोजणारे लोक आहेत. फांदी खरंच मोडली तर ऑर्किडची तीच गाठ (मुळांसकटचा झुबका) जवळच्या दुसऱ्या माट्टीवर सुतळीने बांधा, माट्टीची साल खरबरीत, भेगाळलेली असते, तिच्यात मुळं चांगली धरतात. जागा वनखात्याची असेल तर आधी गार्डला सांगा.

प्रश्न: सासूबाई म्हणतात ही बांडगुळं आहेत, आंब्याचं रक्त पितात. दर दोन वर्षांनी गडी चढवून खरवडून काढतात. खरं का?
(डिचोली)

उत्तर: वहिनी, सासूबाईंचं बांडगुळाबद्दल बरोबर आहे, फक्त गुन्हेगार चुकीचा पकडलाय. बांडगूळ आपली मुळं फांदीच्या आत घालून रस ओढतं. ऑर्किड सालीवर नुसतं बसतं. त्याच्या मुळांवर पांढरं स्पंजासारखं आवरण असतं, पावसाचं पाणी आणि सालीवरची माती-कचरा त्यातून घेतं, आंब्याचं काही जात नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे जाड पांढुरकी मुळं सालीवर पसरलेली किंवा हवेत लोंबकळताना दिसली की ते आमरीचं. गड्याला खरवडायचं असेलच तर बांडगूळ दाखवून द्या, आणि सासूबाईंना मे-जूनमध्ये खुर्ची टाकून आंब्याखाली बसवा.

प्रश्न: मी आठवीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की काही ऑर्किडच्या फुलात मध नसतोच, ती माशांना फसवतात. मग माशा शिकत कशा नाहीत?
(काणकोण)

उत्तर: बाय, तुझा प्रश्न या सगळ्या पत्रांत सगळ्यात भारी आहे. सर खरं बोलले, जगातल्या जवळजवळ एक तृतीयांश ऑर्किडमध्ये भुंग्या-माश्यांसाठी काहीच नसतं, नुसता दिखावा. आणि माशा शिकतात! शिकतात म्हणूनच पुढची गोष्ट घडते.

युरोपात डॅक्टिलोऱ्हायझा सॅम्बुसिना नावाचं जमिनीवरचं ऑर्किड आहे, एकाच माळावर त्याची काही झाडं पिवळी फुलतात काही जांभळी. मध दोघांकडेही नाही. नुकताच घरट्यातून बाहेर पडलेला भुंगा, अडाणी, एका पिवळ्यावर बसतो, काही मिळत नाही, तर पुढच्या वेळी तो रंग बदलतो आणि जांभळ्याकडे जातो. तिथेही भोपळा. आता विचार कर, माळावर पिवळी जास्त असतील तर भुंग्यांना पिवळ्याचाच अनुभव जास्त वेळा येणार, ते पिवळ्याला लवकर टाळायला लागणार, आणि जी थोडी जांभळी आहेत त्यांच्याकडे माणशी जास्त गिऱ्हाईक येणार. 2001 साली संशोधकांनी पिवळ्या-जांभळ्याचं प्रमाण मुद्दाम बदलून झाडं मांडून बघितली तर खरंच जो रंग कमी त्याला फायदा जास्त मिळाला. जो कमी तो वाढतो, वाढला की त्याचा फायदा संपतो, म्हणून दोन्ही रंग टिकतात. नंतर दुसऱ्या माळांवर बघणाऱ्या सगळ्यांना तसंच दिसलं असं नाही, त्यामुळे ही गोष्ट एवढीच नाहीये, पण सुरुवात म्हणून झकास आहे.

दुसरी गोष्ट, मध मिळाला की माशी त्याच घोसातल्या दुसऱ्या फुलावर जाते, तिथून तिसऱ्या. फसली की वैतागून लांब निघून जाते. आणि डोक्याला चिकटलेली परागाची पुडी सोबत घेऊन जाते! ऑर्किडचा पराग सुटा भुरभुरता नसतो, पुडीत बांधलेला असतो. वैतागलेली माशी ती पुडी लांबच्या झाडाला देते, म्हणजे नात्यात लग्न टळलं. तुझ्या सरांना विचार, फसवणुकीचा याहून हुशार उपयोग त्यांना माहीत आहे का.

प्रश्न: आमच्या युवक मंडळाने ठरवलंय की टिश्यू कल्चर लॅबमधून सीतेच्या वेणीची 500 रोपं करून घ्यायची आणि गावाच्या देवराईत आणि रस्त्याकडेच्या झाडांवर बांधायची. एका नर्सरीने तयार रोपं पण देऊ केलीत. मार्गदर्शन करावे.
(सांगे)

उत्तर: हेतू चांगला आहे हे आधीच सांगतो, कारण पुढे मी बरंच तोंड सोडणार आहे.

500 रोपं म्हणजे 500 झाडं, बरोबर. पण 500 वेगळी झाडं का? तिथे सगळी मेख आहे. लॅबमध्ये दोन रस्ते आहेत. एक, झाडाच्या वाढणाऱ्या टोकाचा बारीक तुकडा घेऊन त्याचेच शेकडो तुकडे वाढवायचे, फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी 1960 मध्ये सिंबिडियम नावाच्या ऑर्किडवर हे करून दाखवलं आणि आज बाजारात जी एकसारखी ऑर्किडं मिळतात ती याच पद्धतीची. हे क्लोन. 500 क्लोन बांधले म्हणजे एकच झाड 500 ठिकाणी बांधलं. एका बुरशीला ते बळी पडलं की सगळे बळी पडणार, आणि पराग कितीही इकडून तिकडे गेला तरी स्वतःचा स्वतःशीच संबंध.

दुसरा रस्ता बियांचा. ऑर्किडचं बी म्हणजे धूळ, एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो. पण बीमध्ये शिदोरीच नसते, नारळात खोबरं असतं तसलं काही नाही. रानात त्याला योग्य बुरशी भेटली तरच ती बुरशी त्याला भरवते आणि ते रुजतं, हे नोएल बर्नार्ड यांनी 1899 साली फ्रान्समध्येच पहिल्यांदा ओळखलं. मग 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीच्या जागी साखर घातलेली जेली देऊन बाटलीत बी रुजवून दाखवलं. लॅबवाले आज जे करतात ते तेच. बियांपासून केलेली रोपं क्लोन नसतात, प्रत्येकाचे जीन थोडे वेगळे.

पण (हा पण मोठा आहे) एकाच शेंगेतून 500 केलीत तर ती सगळी भावंडं. आणि नुसती आईकडची नाहीत, ऑर्किडचा पराग पुडीत येतो म्हणाल्यावर पूर्ण शेंगेला बहुतेक वेळा बापही एकच, म्हणजे सख्खी भावंडं. पाच-दहा वर्षांनी ती फुलली की देवराईत सख्ख्या भावंडांची लग्नं. पुढची पिढी अशक्त निघाली तर दोष तुम्ही हवेला देणार, पावसाला देणार.

म्हणून लॅबला पहिला प्रश्न विचारायचा तो भावाचा नाही. विचारायचं की शेंगा किती आणि किती वेगवेगळ्या झाडांच्या? एका झाडाची 500 करण्यापेक्षा 25 झाडांच्या 25 शेंगांतून प्रत्येकी 20 केलीत तर तेवढ्याच खर्चात, म्हणजे थोडी कटकट जास्त, खूप वेगळं काम होतं. ती झाडं एकाच फांदीवरची नकोत, एकमेकांपासून लांब हवीत. आणि प्रत्येक झाडाच्या थोड्याच शेंगा घ्यायच्या, बाकीच्या तिथेच फुटू द्यायच्या. अभयारण्यातून शेंग काय पान सुद्धा परवानगीशिवाय उचलायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

नर्सरीच्या रोपांना माझा सरळ नकार. ती कुठल्या डोंगरावरच्या आईची आहेत हे नर्सरीला माहीत असतं का विचारा. ईशान्येकडची वेणी दिसायला आपल्यासारखीच, पण तिथला हिवाळा वेगळा, पाऊस वेगळा, फुलायची वेळ पुढेमागे. तिचे जीन सांग्याच्या रानात मिसळले तर काय होईल, कदाचित काहीच नाही, कदाचित इथे पिढ्यानपिढ्या जमून आलेली घडी विस्कटेल. एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही, हे मात्र नक्की. बाल्कनीत लावायला नर्सरीचं घ्या की, कोण नाही म्हणतंय.

असं काम नीट झालेलं एक उदाहरण सांगतो. इंग्लंडमध्ये लेडीज स्लिपर नावाचं पिवळ्या सपातेसारखं ऑर्किड हौशी लोकांनी खणून खणून संपवलं, इतकं की ते नामशेष झालं असंच सगळे धरून चालले होते, आणि 1930 मध्ये यॉर्कशायरच्या डोंगरात एक झाड सापडलं. एकच! ठिकाण लपवून ठेवलं, पुढे त्यावर पहारा ठेवला, हाताने परागीकरण केलं. नंतर लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी लॅबमध्ये बिया रुजवल्या. पण एका झाडातून किती जीन मिळणार? तर लोकांनी पूर्वी खणून नेऊन घरच्या बागेत लावलेली, इंग्लंडच्याच मातीतली जुनी झाडं शोधून त्यांचाही उपयोग केला. परत लावलेल्यांपैकी पहिलं झाड फुललं ते 2000 साली. म्हणजे एका झाडावरून पुन्हा सुरुवात करायला माणसांच्या दोन पिढ्या गेल्या.

तुमच्या देवराईत अजून किती झाडं आहेत हे आधी मोजा. सत्तरीत बांबरला निरंकाराची राई आहे, केरीला आजोबाची, तिथली मोठी झाडं देवाच्या धाकाने उभी राहिली म्हणून त्यांच्या अंगावरची आमरीही राहिली. तुमच्या राईत जर शंभरभर वेण्या असतील तर बांधायची घाई कशाला, आधी म्हातारी झाडं कुणी तोडणार नाही तेवढं बघा, बी आपलं आपण उडत जाईल.

प्रश्न: चतुर्थीला माटोळीच्या (गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगतात ती) स्पर्धेसाठी पोरं रानातून जमिनीवरची पांढरी आमरी मुळासकट आणतात, वेगळी वस्तू म्हणून मार्क मिळतात म्हणे. माझा जीव तुटतो पण बोललं की धर्माच्या आड येता म्हणतात.
(फोंडा)

उत्तर: ताई, माटोळी म्हणजे रानाची ओळख परेड आहे, कांगलां, घोटिंगां, माट्टुळां, ही नावं आजच्या पोरांना माटोळीमुळेच ठाऊक आहेत, तेव्हा माटोळीला कुणी हात लावू नये या मताचा मी आहे. पण फळ आणणं आणि कंद उपटणं यात फरक आहे. हॅबेनारिया वंशातल्या या आमरींना जमिनीत सहसा दोन कंद असतात, एक यंदाचा, ज्यावर आत्ता झाड उभं आहे, आणि एक पुढच्या वर्षाचा, नुकता भरत असलेला. उपटलं की चालू खातं आणि फिक्स्ड डिपॉझिट दोन्ही गेली.

त्यात सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) ही झाडं पुंजक्या-पुंजक्याने असतात. एका पुंजक्यात वीस असतील आणि दर वर्षी पाच उपटली, तर तीन वर्षांत उरतात ती पाच, आणि त्यानंतर बी धरून पुन्हा वीस झाली तरी ती त्या पाचांचीच पोरं. संख्या भरून येते, घराणी भरून येत नाहीत. स्पर्धेच्या परीक्षकांना एक पत्र लिहा, की मुळासकट आणलेल्या वस्तूला मार्क द्यायचे नाहीत, झाडाचा जागेवरचा फोटो आणि स्थानिक नाव सांगितलं तर द्यायचे. आमच्या भागात एका मंडळाने माझं असलं पत्र वाचून चहा पाजला आणि पुढे काहीच केलं नाही, पण तुमच्याकडे करतील, लिहून तर बघा.

प्रश्न: आम्ही चार जण एमएस्सी करतोय. प्रोजेक्टसाठी एका जातीच्या आमरीची जनुकीय विविधता बघायची आहे. मोल्यापासून जवळ एकाच मोठ्या झाडावर आम्हाला 50 रोपं मिळाली, सॅम्पल पुरेल ना? शिवाय सावलीतल्या झाडांची पानं लांब आणि उन्हातल्यांची आखूड जाड आहेत, म्हणजे विविधता आहे हे दिसतंच आहे.
(मडगाव)

उत्तर: पोरांनो, नाही पुरणार, आणि दिसतंच आहे असं तर अजिबात लिहू नका, व्हायव्हात मार खाल.

पानाचं आधी. तीच झाडाची गाठ दोन तुकडे करून एक सावलीत एक उन्हात लावलात तरी पानं वेगळी होतील, जीन तेच. फरक जीनचा आहे की जागेचा हे बघायचं असेल तर सगळी झाडं काही वर्षं एकाच जागी, एकाच उन्हात वाढवायची, तरीही वेगळी राहिली तर मग जीनचा फरक म्हणा. उलटंही होतं, बाहेरून कार्बन कॉपी दिसणारी दोन झाडं डीएनएत बरीच वेगळी निघतात. तुम्हाला तेवढा वेळ नाही म्हणून तर डीएनए काढायचा.

आता 50 चं. एकाच झाडावर 50 गाठी म्हणजे काय काय असू शकतं? काही एकाच जुन्या झुबक्याचे तुटून वेगळे झालेले तुकडे, म्हणजे क्लोन. काही एका शेंगेतली भावंडं, कारण बी धुळीसारखं असलं तरी त्यातलं बरचसं आईच्या आसपासच पडतं. तुम्ही 50 नळ्या भरणार आणि हाताला लागणार एक-दोन कुटुंबं. आमच्या वेळी माझ्या एका मित्राचं हेच झालं, वर्षभर जेल चालवली (डीएनएचे तुकडे पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) आणि सगळ्या पट्ट्या एकसारख्या, त्याला वाटलं केमिकल खराब आहे! केमिकल बरं होतं, सगळी सॅम्पल एका आंब्याची होती.

तर असं करा. एका मोल्यावर थांबू नका. मोले, खोतीगाव, म्हादई, तिन्ही अभयारण्यांत वेगवेगळ्या जागा धरा, प्रत्येक जागी 20 ते 30 झाडं, प्रत्येक यजमान झाडावरून एकच, फार तर दोन, लांबच्या फांद्यांवरची. पानाचा नखाएवढा तुकडा पुरे, अख्खं पान तोडू नका. लगेच सिलिका जेलच्या पुडीत टाका, पावसात ओलं पान घरी नेईपर्यंत काळं पडतं आणि मग डीएनए नाही नुसता चिखल निघतो. वनखात्याची परवानगी आत्ताच मागा, फुलं आल्यावर नाही, कागद फिरायला फुलांपेक्षा जास्त वेळ लागतो.

मार्कर (डीएनएतला फरक ओळखायच्या खुणा) कुठले वापरावेत यावर गाइडशी भांडू नका. लॅबमध्ये मायक्रोसॅटेलाइटची सोय असेल तर ते घ्या, कारण त्यात आईकडची आणि बापाकडची प्रत वेगळी दिसते, कुणाचं लग्न नात्यात झालं तेही कळतं. आयएसएसआर नावाची दुसरी पद्धत स्वस्त आहे, जातीबद्दल आधीची काहीच माहिती नसेल तरी चालतं, पण त्यात एक प्रत आहे की दोन ते कळत नाही, पट्टी दिसली किंवा नाही दिसली एवढंच. जमलं तर क्लोरोप्लास्टचाही (पानातल्या हिरव्या कणांचा) थोडा डीएनए बघा. तो ऑर्किडमध्ये सहसा आईकडूनच येतो, म्हणजे फक्त बियांचा प्रवास दाखवतो, परागाचा नाही. दोन्ही ताडून बघितलं की बी किती लांब गेलं आणि माशी किती लांब गेली हे वेगवेगळं सांगता येतं.

आणि निकाल हातात आल्यावर घाबरू नका. बहुधा तुम्हाला असं दिसेल की तीन अभयारण्यांमधल्या झाडांत आपापसात फारसा फरक नाही, आणि गाइड म्हणेल काहीतरी चुकलंय. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरच्या अशा अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले होते, ऑर्किडच्या दोन ठिकाणच्या समूहांमधला फरक बाकीच्या बऱ्याच झाडोऱ्यापेक्षा कमीच असतो असं निघालं. कारण ते धुळीसारखं बी. 1883 मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटून बेटावरचं सगळं जळून गेलं, आणि चौदा वर्षांच्या आत तिथे ऑर्किड उगवलेली सापडली, जवळचा मोठा किनारा साधारण 40 किलोमीटरवर. बहुतेक बी आईच्या पायाशी पडतं पण लाखांतलं एखादं डोंगर ओलांडतं, आणि एवढ्यानेही दोन डोंगर एकमेकांना ओळखत राहतात. त्यामुळे एका फांदीवर सगळी भावंडं आणि दोन तालुक्यांत जवळजवळ सारखी गर्दी, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, ते तुमच्या रिपोर्टमध्ये नीट लिहा, तिथेच मार्क आहेत.

मात्र जी जात आधीच तुरळक आहे, एका घाटात पाच, दुसऱ्यात सात, तिथे हा नियम लावू नका. लहान समूहात नुसत्या नशिबाने जीन गळत जातात, कुठलीही निवड न होता, पाच जणांच्या घरात एकुलत्या मुलाने लग्न केलं नाही तर आडनाव संपतं तसं. आणि काही जाती स्वतःच स्वतःचं परागीकरण करतात, इंग्लंडातलं बी ऑर्किड दिसतं माशीसारखं पण तिथे बहुतेक बी स्वतःच्याच परागाने धरतं, अशांचं चित्र पुन्हा वेगळं. आधी जात नक्की करा, तिची फुलं कोण भेटायला येतं ते दोन दिवस बसून बघा, मग पानं तोडा.

प्रश्न: एवढं सांगता, तुमच्या स्वतःच्या घरी किती ऑर्किड आहेत?
(म्हापसा)

उत्तर: एक. चार वर्षांपूर्वी चोर्ला घाटातून येताना वाऱ्याने मोडलेली आंब्याची फांदी रस्त्यावर आडवी पडलेली, गाड्या तिच्यावरून जात होत्या, तिच्यावर एक सिंबिडियम होतं ते उचललं आणि घरच्या फणसाला बांधलं. तेव्हा वाटलं होतं मोठं पुण्याचं काम केलं. छान फुलतं, बायको शेजाऱ्यांना बोलावून दाखवते. शेंग मात्र एकदाही धरलेली नाही, आमच्या वाड्यावर त्याच्या जातीचं दुसरं झाडच नाही ना.